हर्पिंग : बेळगाव सीमाभाग

साप, सरडे, पाली, कासवे, बेडूक आणि देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, पण कणा असलेला प्राणी) यांना त्यांच्या राहत्या जागी जाऊन शोधणे, ओळखणे आणि तसेच सोडून परतणे याला हर्पिंग म्हणतात. सरीसृप व उभयचर यांच्या अभ्यासाला हर्पेटॉलॉजी हे नाव आहे, त्यावरून हा शब्द आला. मराठीत त्याला रुळलेला प्रतिशब्द नाही. मात्र रीत आपल्याकडे अनोळखी नाही. खानापूर तालुक्यात पहिल्या पावसाच्या रात्री बॅटरी घेऊन ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर खेकडे धरायला जाणे जुनेच आहे. पुढे थोरला काका, मागे पोरे, पाय जपून टाकायचे, आवाज करायचा नाही. हर्पिंगची चाल हीच. फक्त परतताना पिशवी रिकामी असते.

या कामाला बेळगाव जिल्हा फार मोलाचा आहे. पश्चिमेला कणकुंबी, जांबोटी, चोर्ला हा सह्याद्रीच्या माथ्यावरचा धो-धो पावसाचा पट्टा. कणकुंबीत मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते. म्हादई नदी खानापूर तालुक्यातूनच निघून गोव्यात उतरते. भीमगड अभयारण्य (स्थापना २०११, क्षेत्र सुमारे १९० चौ.किमी.) याच जंगलात आहे. पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, अथणीकडे जावे तशी जमीन उघडी, कोरडी, खडकाळ होत जाते. सकाळी निघालेले कुटुंब एका दिवसात दोन वेगळी जीवविश्वे पाहून घरी येऊ शकते.

पूर्वेकडच्या माळावर उन्हाळ्यात दिसणारा सरडा तर मराठी माणसाने मुद्दाम जाऊन पाहावा असा आहे. नर दगडावर चढतो आणि गळ्याखालची निळी, काळी, नारिंगी झालर पंख्यासारखी उघडमीट करतो. २०१६ साली अभ्यासकांनी या सरड्यांची स्वतंत्र प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली आणि तिला शास्त्रीय नावच 'सरडा' असे दिले, आपल्या बोलीतला शब्द जसाच्या तसा. तिच्यातली सरडा डार्विनी ही जात या भागात आढळते. आजीने ज्या शब्दाने अंगणातला प्राणी दाखवला तोच शब्द जगभरच्या शास्त्रग्रंथांत आहे, हे मुलांना तिथेच, त्या दगडासमोर सांगावे.

पश्चिम भागाचा हंगाम मृगाच्या पावसाने उघडतो. पाणी भरलेल्या भातखाचरात मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात. पाण्यावर वाकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला, तर ते मलबारी उडत्या बेडकाचे घरटे. अंड्यांतून निघालेली पिल्ले खालच्या पाण्यात टपटप पडतात. ओढ्यालगतच्या झुडपात मलबारी चापडा हा विषारी साप दबा धरून बसतो. तो तपकिरी, पिवळा, हिरवा अशा कितीतरी रंगांत असतो आणि कित्येकदा दिवसेंदिवस जागा सोडत नाही, म्हणून काल पाहिलेला साप आज पाहुण्यांना दाखवता येतो. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील कॅसलरॉक येथून २००५ मध्ये निक्टिबॅट्रॅकस पेट्रियस हा रातबेडूक शास्त्राला कळला. चोर्ल्याच्या मातीतला एक देवगांडूळ २००७ मध्ये नोंदला गेला. त्याच्या नावात म्हादई आहे.

शोधताना बॅटरी डोळ्यांच्या पातळीवर धरावी. बेडकांचे आणि कोळ्यांचे डोळे उजेडात चमकतात. सापाचे चमकत नाहीत, म्हणून साप त्याच्या आकारावरूनच शोधावा लागतो. हे काम मोठ्यांपेक्षा मुलांना लवकर जमते. घोट्यापर्यंत झाकणारे बूट हवेतच. दगड उलटलाच तर तो आपल्यापासून दूरची कड उचलून, आणि पुन्हा होता तसा ठेवावा.

घरच्यांना बरोबर नेण्याचे खरे कारण म्हणजे सापांबद्दलची आंधळी भीती घालवणे. रात्री सापाचे नाव घेऊ नये म्हणून घरात 'लांबडं' म्हणतात, साप चावला तर 'पान लागलं' म्हणतात. या शब्दांमागची सावधगिरी शहाणपणाची आहे आणि ती टिकावी. पण साप डूख धरतो, हे खोटे. धामणींची जुगलबंदी म्हणजे नर-मादीचा शृंगार नव्हे, ती दोन नरांची झुंज असते. दिवड, नानेटी, गवत्या, कवड्या हे बिनविषारी साप केवळ ओळख नसल्याने काठीखाली मरतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चार विषारी नावे आणि चेहरे प्रत्येक घराला पाठ हवेत. प्रतिसर्पविष, म्हणजे सर्पदंशावरचे औषध, याच चौघांसाठी बनते. चापड्याच्या विषावर ते बनलेले नाही. दंश झाला तर मांत्रिक नको, चिरणे-चोखणे नको. चावलेला अवयव हलू न देता लगेच दवाखाना गाठावा. कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद करणे बंधनकारक केले.

साप हाताळणे, शेपटी धरून फोटो काढणे हे हर्पिंग नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित प्राणी पकडणे हीसुद्धा शिकारच ठरते, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही. 'दुतोंड्या' म्हणून गुप्तधनाच्या अंधश्रद्धेपायी मांडुळाची तस्करी होते. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात देशाने १९८७ मध्ये थांबवली, तरी पहिल्या पावसात पोती घेऊन फिरणारे अजून भेटतात. दुर्मीळ प्राण्याची नेमकी जागा चारचौघांत सांगू नये, ते अशा लोकांमुळेच.

घाटरस्त्यावर पावसाळी रात्री आणखी एक प्राणी भेटतो : खापरखवल्या. बोथट, खवलेदार शेपटीचा हा जमिनीत राहणारा बिनविषारी साप भिजलेल्या मातीतून वर येतो आणि डांबरावर गाड्यांखाली सापडतो. गाडीतून तो दोरीच्या तुकड्यासारखा दिसतो. चालत जाणाऱ्याला मात्र बॅटरीच्या उजेडात त्याच्या ओल्या खवल्यांवरची इंद्रधनुषी झाक दिसते.