गुमास्ता म्हणजे सिक्युरिटीचं लायसन्स नव्हे

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांपासून गंगापूर रोडच्या सोसायट्यांपर्यंत एक समज पक्का बसला आहे: गुमास्ता (म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी) काढला की सिक्युरिटी एजन्सी सुरू. साफ चूक! 2005 च्या केंद्रीय कायद्यानुसार राज्याच्या नियंत्रण प्राधिकाऱ्याचा परवाना लागतोच. विनापरवाना धंद्याला एक वर्षापर्यंत कैद, 25 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना कार्यालयात ठळक लावलेला हवा, त्यावरची मुदत वाचा. गेटवरच्या दादांकडे फोटोचं ओळखपत्र हवं. ते नसेल तर त्यांच्यावर नको, एजन्सीवर डाफरा.

‘सरकारमान्य डिटेक्टिव्ह’ ही पाटी तर निव्वळ दिशाभूल. खासगी गुप्तहेरांसाठीचं विधेयक 2007 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झालाच नाही.