दप्तर, अद्भुत आणि रहस्य : वाचकाच्या आवडीनिवडीची पार्श्वभूमी

सातारा-सांगली भागातील एखाद्या जुन्या वाचनालयाच्या देवघेव विभागात थोडा वेळ थांबले, की कादंबऱ्यांविषयीची ठरलेली मते कानी पडू लागतात. ऐतिहासिक कादंबरी परत करणारा वाचक अमुक प्रसंग इतिहासाला धरून नसल्याची तक्रार नोंदवतो. रहस्यकथा परत करणारा ‘वेळ बरा गेला’ एवढ्यावर आटोपतो. अद्भुतरम्य कादंबरी नेणारा मात्र ती घरातल्या मुलांसाठी असल्याचे न विचारता सांगतो. एकाला कठोर न्याय, दुसऱ्याला सूट आणि तिसऱ्याबद्दल संकोच, ही वागणूक आजच्या वाचकाने ठरवलेली नाही. तिची घडण गेल्या दीडशे वर्षांत झाली आणि त्या घडणीत या दोन जिल्ह्यांचा वाटा मोठा आहे.

आरंभी हे तिन्ही प्रकार एकत्रच नांदत होते. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा प्रेक्षकांना देवांइतकेच राक्षसही हवे होते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी कथा मराठीत आणल्या, त्याच सुमारास, म्हणजे १८६१ मध्ये, हळब्यांची ‘मुक्तामाला’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि संकटे, योगायोग व ताटातूट यांवर पोसलेल्या कादंबऱ्यांची रीघ लागली. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ पासून ‘विविधज्ञानविस्तार’मध्ये क्रमशः येऊ लागली. ती मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. तिच्यातला काळ शिवाजी महाराजांचा आहे, पण गड लेखकाने कल्पिलेला आहे, आणि त्याबद्दल तेव्हाच्या वाचकाने लेखकाला जाब विचारावा असे काही नव्हते, कारण जाब विचारण्यासाठी लागणारे कागदच अद्याप उजेडात आलेले नव्हते.

ते कागद पुढे उजेडात आले आणि त्यांपैकी बरेचसे याच भागातील वाड्यांतून आले. त्याआधी मराठ्यांच्या इतिहासाचा मुख्य आधार होता तो ग्रँट डफचा. १८१८ नंतर साताऱ्याच्या छत्रपतींच्या दरबारी ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी म्हणून असताना त्याने सामग्री जमवली आणि १८२६ मध्ये तीन खंडांत इतिहास छापला. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन सरदारांची पत्रे वाचून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढायला घेतला. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांना वाईत पेशवाईतील कागद हाती लागले आणि त्यांवर आधारलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये आला. द. ब. पारसनिसांनी वाईजवळच्या मेणवलीचे नाना फडणविसांचे दप्तर, म्हणजे जुन्या कागदपत्रांचा साठा, मिळवला आणि साताऱ्यात इतका संग्रह जमवला की त्यासाठी वेगळी इमारत उभारावी लागली. शिक्षकीचे काम सांभाळून, मोडीतली फिकी अक्षरे लावत खऱ्यांनी खंडामागून खंड काढले. आणि हेच खरेशास्त्री ‘शिवसंभव’सारखे नाटकही लिहीत होते, हे ऐतिहासिक कादंबरीला कल्पनेबद्दल दटावणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परिणाम असा झाला की कादंबरीकाराच्या मागे दप्तर उभे राहिले. हरिभाऊ आपट्यांनी ‘उषःकाल’ लिहिली तेव्हा हा दाब नुकताच सुरू होत होता. नाथमाधवांच्या स्वराज्यमालेत शौर्य आणि साहस यांना अजून मोकळे रान होते. १९६२ मध्ये रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली, तेव्हा छापील साधनांची कपाटे भरलेली होती. तरीही वाचकांच्या मनात ठसले ते माधवराव आणि रमाबाई यांचे सहजीवन, म्हणजे ज्याविषयी कागद सर्वांत कमी बोलतात तो भाग. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’बाबत तेच घडले. मस्तानीविषयीचा पुरावा तुटपुंजा आहे, आणि कादंबरीचे बळ नेमके त्या तुटपुंजेपणात आहे. प्रेमकथा रंगवायची तर जागा रिकामी लागते. या भागातला वाचक प्रेमकथा आवडीने वाचतो आणि वाद मात्र तारखांवर घालतो, हे मला काहीसे अप्रामाणिक वाटते. पण ज्याच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो आणि ज्याच्या गावात जुन्या सरदारांचे वंशज राहतात, त्याच्याकडून अलिप्ततेची अपेक्षा तरी कशी करावी?

रहस्यकथेच्या मागे असे कोणतेही दप्तर नव्हते. गो. ना. दातारांनी इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कथानकांना मराठी वेष चढवला; ‘कालिकामूर्ती’, ‘बंधुद्वेष’ यांसारख्या त्यांच्या कादंबऱ्यांत इतिहास, गूढ आणि शृंगार यांच्यात भिंती नव्हत्या. त्या भिंती उभ्या राहिल्या बाबूराव अर्नाळकरांच्या काळात. झुंजार आणि काळा पहाड या नायकांच्या कथा त्यांनी हजारावर लिहिल्या आणि रहस्यकथा हा स्वतंत्र, स्वस्त आणि झटपट संपणारा प्रकार झाला. वाचनालयातली तिची प्रत पाहिली तरी वाचकाचे मत समजते : पुठ्ठा दोनदा बदललेला, कोपरे तेलकट, शेवटचे पान सुटलेले आणि एखाद्या उपद्व्यापी सभासदाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलेले खुन्याचे नाव. इतके वाचले गेलेले पुस्तक समीक्षेने फारसे हाताळले नाही, यात दोष पुस्तकाचा कमी आणि समीक्षेचा अधिक आहे.

अद्भुताची वाट सर्वांत आडवळणाची. सांगली जिल्ह्यातील आष्ट्यात जन्मलेल्या काशीबाई कानिटकरांनी १९२८ च्या ‘पालखीचा गोंडा’मध्ये स्त्रियांच्या हाती कारभार असलेले एक कल्पित राज्य रचले. त्या वाटेने जाणारे लेखक मराठीत थोडेच निघाले. सांगलीचेच वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ १९५९ मध्ये आली. शाप, यौवनाची अदलाबदल असा सगळा अद्भुताचा ऐवज तिच्यात आहे, तरी पुराणकथेचा आधार असल्यामुळे ती गंभीर साहित्यात बसली आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कारही तिला मिळाला. आधार नसलेले अद्भुत नारायण धारपांसारख्यांकडे गेले आणि भयकथेच्या कपाटात राहिले.

अलीकडे साताऱ्यातील ९९ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ‘पानिपत’चे लेखक विश्वास पाटील यांच्याकडे गेले. त्याआधी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुरात सांगलीतील वाचनालयांची पुस्तके भिजली. ‘स्वामी’ किंवा ‘मृत्युंजय’ची भिजलेली प्रत गेली तर नवी आवृत्ती बाजारातून आणता येते; जुन्या रहस्यकथांच्या पातळ पुस्तिकांपैकी अनेकांच्या बाबतीत तशी सोय नाही, आणि वाचनालयाच्या नोंदवहीतून त्यांचे नाव कमी करताना फारसे कोणी हळहळत नाही.