ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे : आखणी आणि पाच टक्क्यांची हमी

मुंबई-ठाणे रेल्वे म्हटली की १६ एप्रिल १८५३ ची पहिली गाडी, तिचे १४ डबे आणि २१ तोफांची सलामी आठवते. ती ज्या करारामुळे धावू शकली, त्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

मूळ निकड कापसाची होती. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेवर विसंबून राहायचे नव्हते. वऱ्हाड-खानदेशातला कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरे. वाटेत धुळीने मळे, पावसात भिजे. मुंबईहून रेल्वे नेण्याची कल्पना अभियंता जॉर्ज क्लार्क यांनी १८४३ मध्ये मांडली. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांनी ती उचलून धरली.

अडत होते ते पैशापाशी. सात समुद्रांपलीकडच्या, न पाहिलेल्या डोंगरांत पैसा घालायला लंडनचे गुंतवणूकदार कचरत होते. म्हणून १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी करार केला. सुरुवातीचे भांडवल ५ लाख पौंड, जमीन ९९ वर्षांसाठी फुकट आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी. १०० पौंड गुंतवणाऱ्याला वर्षाला ५ पौंड मिळणारच, गाडी नफ्यात चालो वा तोट्यात. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. त्या महसुलाचा मोठा भाग शेतसाऱ्याचा, म्हणजे हे ओझे शेवटी रयतेच्या डोक्यावर आले. भागधारकांत हिंदी माणसे मात्र अगदीच थोडी. सरकारी सल्लागार अभियंता खर्चाला मंजुरी देत असे, पण व्याज सुरक्षित असल्यावर काटकसरीची निकड कंपनीला कशी वाटावी? हा या पद्धतीतला मोठाच दोष होता.

तरीही या पैशातून झालेले काम विलक्षण होते, हे मान्य करावेच लागेल. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी बोरघाटात १ : ३७ पर्यंतच्या (३७ फुटांमागे १ फूट) चढाचा मार्ग आखला. त्यात २५ बोगदे होते. एका जागी सरळ चढायला वावच नव्हता. तिथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला जोडत आणि गाडी उलट दिशेने पुढचा घाट चढे. १८५९ मध्ये ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल वारल्यावर त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ठेका सोडला नाही. कडे फोडणाऱ्या हजारो मजुरांपैकी कितीतरी पटकी आणि हिवतापाने दगावले. १८६३ मध्ये घाट खुला झाला.

१९०० मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली. कारभार मात्र १९२५ पर्यंत कंपनीकडेच होता.