रात्री थर्मोस्टॅट खाली केला तर प्रोपेन वाचतो की जास्त जळतो?

अमेरिकेच्या ईशान्य भागात थंडी पडू लागली की मराठी घरांमध्ये घराचं तापमान ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटबद्दल एक सल्ला हमखास ऐकू येतो: "रात्री थर्मोस्टॅटला हात लावू नका. घर एकदा थंड पडलं की सकाळी तापवायला दुप्पट गॅस लागतो." सांगणारी माणसं चांगली शिकलेली असतात, कित्येकदा इंजिनिअर असतात. तरी हा सल्ला चूक आहे. तो का चूक आहे हे पाहताना उष्णतेचं एक फार देखणं शास्त्र हाती लागतं, आणि पैसेही वाचतात.

व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग इथे गावाबाहेरच्या पुष्कळ घरांपर्यंत नैसर्गिक वायूची पाइपलाइन पोचलेली नाही. अशा घरांच्या अंगणात प्रोपेनची लांबट टाकी असते आणि ट्रक येऊन ती भरून जातो. आपल्याकडच्या लाल सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. ब्युटेन उकळतो उणे ०.५ अंश सेल्सिअसला, म्हणजे कडाक्याच्या रात्री तो टाकीत द्रवरूपातच पडून राहील, बर्नरपर्यंत येणारच नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, म्हणून तिथे प्रोपेनच लागतो. त्याचा एक गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर, वजनाला साधारण १.९ किलो. समजा, एका घरात हिवाळाभरात ८७५ गॅलन जळतात. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये मोजलं तर हे जवळजवळ ११७ सिलिंडर झाले! गॅलनला ३ डॉलर धरले तर २,६२५ डॉलर.

हे पैसे नेमके कशाचे? घर "गरम असण्याचे" नव्हेत. भिंतींतून उष्णता अजिबात बाहेर गेली नसती, तर घर नोव्हेंबरात एकदा तापवलं की एप्रिलपर्यंत फर्नेसला (घर तापवणाऱ्या भट्टीला) काम उरलं नसतं. आपण पैसे मोजतो ते सतत बाहेर निसटणारी उष्णता भरून काढण्याचे. ही उष्णता किती वेगाने निसटते, हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. फरक दुप्पट, तर गळती दुप्पट. वस्तू कशी थंड होते याचा हा नियम न्यूटनने १७०१ साली मांडला आणि घराला तो पुरेसा चांगला लागू पडतो.

तळाशी भोक असलेला रांजण डोळ्यांपुढे आणा. पाणी जितकं वर, तितकी धार जोरात. रात्रभर तो काठोकाठ भरलेला ठेवायचा तर सगळा वेळ जोरदार धारेइतकं पाणी ओतत राहावं लागेल. पातळी खाली जाऊ दिली तर धार मंदावते, आणि सकाळी पातळी पुन्हा वर आणायला तेवढंच पाणी लागतं जेवढ्याने ती खाली आली होती. मधल्या वेळात धार बारीक होती, तेवढं पाणी वाचलं.

आता हेच घराच्या आकड्यांत पाहू. तिथली मोजणी फॅरनहाइटमध्ये चालते, म्हणून मीही तीच वापरतो. आत ६८ अंश (२० सेल्सिअस), बाहेर २० अंश (सुमारे उणे ७ सेल्सिअस). फरक ४८. रात्री १० वाजता थर्मोस्टॅट ६० वर आणला. फर्नेस गप्प बसते आणि घर निवू लागतं. किती वेगाने? ते दोन गोष्टींवर ठरतं: भिंती, फरशी, फर्निचर यांत मिळून उष्णतेचा साठा किती, आणि गळती किती. साठ्याला गळतीने भागलं की घराचा "कालांक" मिळतो. लाकडी चौकटीच्या साध्या घरासाठी तो २४ तास धरू. याचा अर्थ असा की फर्नेस बंदच ठेवली तर २४ तासांनी आतबाहेरचा फरक मूळच्या ३७ टक्क्यांवर येईल, आणखी २४ तासांनी त्याच्याही ३७ टक्क्यांवर. हा घातांकी वक्र आहे. सुरुवातीला तीव्र उतार, मग सपाट होत जाणारा.

आपल्या घरात सुरुवातीचा उतार तासाला ४८ भागिले २४, म्हणजे २ अंश आहे. पुढे तो कमी होत जातो, आणि पहाटे अडीचच्या सुमारास घर ६० अंशांवर येतं. तिथून सहापर्यंत फर्नेस फक्त ४० अंशांचा फरक सांभाळते. सहाला आपण थर्मोस्टॅट ६८ वर नेतो आणि फर्नेस बराच वेळ अखंड धडधडत राहते.

माणसं फसतात ती इथेच. सकाळची ती धडधड कानावर येते. पहाटे अडीचपर्यंत साडेचार तास फर्नेस गप्प होती, ते झोपेत कुणाला कळत नाही. त्या साडेचार तासांत घराने भिंतींतला साठा वापरला. सकाळचा जास्तीचा गॅस तोच साठा परत भरतो. काढलं तेवढंच घातलं, त्यामुळे या व्यवहारात नफाही नाही आणि तोटाही नाही. नफा होतो तो गळतीत. रात्री १० पासून घर पुन्हा ६८ वर पोचेपर्यंत प्रत्येक क्षणी फरक ४८ पेक्षा कमी होता, म्हणून प्रत्येक क्षणी उष्णता कमी निसटली. आलेखावर ६८ ची आडवी रेषा काढा आणि खाली घराच्या तापमानाचा वक्र काढा. दोहोंमधलं क्षेत्रफळ म्हणजे बचत. आपल्या उदाहरणात ते भरतं सुमारे ५१ अंश-तास (एका अंशाचा फरक तासभर टिकला की एक अंश-तास). हे क्षेत्रफळ उणे होऊच शकत नाही, कारण वक्र रेषेच्या वर कधी जातच नाही.

यावरही विश्वास बसत नसेल तर असा विचार करा. महिनाभरासाठी भारतात जाताना तुम्ही थर्मोस्टॅट खाली करून जाता की नाही? जाता, आणि त्यात बचत आहे हे सगळ्यांना मान्य असतं. मग आठवडाभरासाठी? एका दिवसासाठी? बचतीचा अचानक तोटा व्हावा असा क्षण मधे कुठेच येत नाही. वेळ कमी तसा फायदा कमी, इतकंच. याचा जुळा भाऊ म्हणावा असा आणखी एक गैरसमज आहे: लवकर तापावं म्हणून थर्मोस्टॅट ८० वर नेणं. साधी फर्नेस एकाच वेगाने उष्णता देते. ८० वर नेल्याने ६८ अंश लवकर येत नाहीत, आपण विसरलो तर ८० मात्र येतात.

वाचलेल्या अंश-तासांचे गॅलन कसे करायचे? त्यासाठी प्रोपेन पोचवणारे व्यावसायिक वापरतात ती एक सुरेख युक्ती आहे. ते तुमच्या टाकीत डोकावत नाहीत, हवामान मोजतात. दिवसाचं सरासरी तापमान ६५ मधून वजा केलं की त्या दिवसाचे "डिग्री-डे" मिळतात. सरासरी २० असेल तर ४५ डिग्री-डे. ६८ ऐवजी ६५ का, तर माणसांच्या अंगची ऊब, फ्रीज, स्वयंपाक, खिडकीतलं ऊन यांतून वरचे अंश फुकट मिळतात असं धरलेलं आहे. एका गॅलनमध्ये तुमचं घर किती डिग्री-डे काढतं, त्या आकड्याला ते लोक के-फॅक्टर म्हणतात. आपल्या घराचा के-फॅक्टर ८ धरू: ४५ डिग्री-डेच्या दिवशी साडेपाच गॅलनच्या थोडं वर, आणि ७,००० डिग्री-डेच्या हिवाळ्याला ८७५ गॅलन.

रात्रीचे ५१ अंश-तास भागिले २४ तास, म्हणजे २.१ डिग्री-डे. भागिले ८, म्हणजे ०.२७ गॅलन. रात्रीला जेमतेम एक लिटर! पण १५० रात्रींचे ४० गॅलन होतात, म्हणजे १२० डॉलर, तेही एक पैसा न गुंतवता. हे एकूण बिलाच्या साडेचार टक्क्यांच्या आसपास झालं. अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं की रोज ८ तास ७ ते १० अंश खाली ठेवलं तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत बचत होते. ते वरचं टोक आहे. दिवसा घर रिकामं असेल तर तेव्हाही खाली ठेवा, त्या दिशेने नक्की सरकाल. गळकं घर रात्री लवकर निवतं, त्यामुळे या युक्तीचा फायदा त्याला जास्त होतो. उत्तम इन्सुलेशनच्या (उष्णता अडवणाऱ्या थराच्या) घराला कमी.

तुमच्या घराचा के-फॅक्टर तुम्ही स्वतः काढा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. ५०० गॅलनच्या टाकीवर गेजचा (टाकी किती टक्के भरली हे दाखवणाऱ्या काट्याचा) एक टक्का म्हणजे ५ गॅलन. गेज ७० वरून ४० वर आला तर १५० गॅलन गेले. तेवढ्या दिवसांचे डिग्री-डे १,२०० असतील तर के-फॅक्टर ८. आंघोळीचं पाणी आणि स्वयंपाकही प्रोपेनवर असेल तर उन्हाळ्यातल्या खर्चावरून तेवढा भाग आधी वजा करा. दोन हिवाळ्यांची बिलं समोरासमोर ठेवून काही कळत नाही, कारण दोन हिवाळे सारखे नसतात. माळ्यावर इन्सुलेशन घातल्यावर के-फॅक्टर ८ वरून १० वर गेला, तर घर खरंच सुधारलं.

हा आकडा हाताशी असला की भूलथापाही ओळखता येतात. गॅसच्या नळीवर बसवायची चुंबकं विकली जातात. त्यांच्यामुळे म्हणे इंधनाचे रेणू एका रांगेत येतात आणि ज्वलन सुधारतं. प्रोपेनवर अशा चुंबकाचा लक्षात घ्यावा असा काहीही परिणाम होत नाही. शिवाय नीट चालणारी फर्नेस प्रोपेन जवळजवळ पूर्णच जाळते, तेव्हा ज्वलनात वाचवायला उरतंच काय? "चमत्कारी" विजेच्या हीटरचंही तेच. १५०० वॅटचा कुठलाही हीटर, स्वस्त असो की महाग, तासाला दीड युनिटच उष्णता देतो. हे अज्ञान विकून पैसे करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण ते बहुतेकदा थंडीला घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसांना गाठतात.

रात्रीच्या युक्तीला काही अपवाद आहेत. फरशीखालून तापवलेलं घर फार सावकाश तापतं आणि निवतं, तिथे ८ तासांत विशेष काही साधत नाही. हीट पंपाला (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या जोरावर आत आणणाऱ्या यंत्राला) सकाळी मदतीला साधे विजेचे हीटर लागत असतील तर हिशेब उलटू शकतो. आणि घर ५५ अंशांच्या खाली नेऊ नका. बाहेरच्या भिंतीतलं पाणी गोठून नळ फुटला तर सगळी बचत त्यात जाते.

गळती कमी करायची तर आधी हवेची वाट अडवा. गरम हवा वर चढते, माळ्याच्या झडपेतून आणि दिव्यांभोवतीच्या फटींतून बाहेर पडते, आणि तेवढीच गार हवा तळघराच्या कडेने आत येते. आधी या फटी बुजवायच्या, मग वर इन्सुलेशन घालायचं.

फर्नेस बदलायची वेळ आली तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: प्रोपेन जळताना पाणी तयार होतं. एका गॅलनमागे तीन लिटरांहून अधिक! जुन्या, ८० टक्के कार्यक्षमतेच्या फर्नेसमधून ते वाफ होऊन धुराड्यातून निघून जातं. ९५ टक्क्यांची फर्नेस धूर इतका थंड करते की वाफेचं पाणी होतं आणि वाफेतली सुप्त उष्णता घरालाच मिळते. म्हणून तिला धुराड्याऐवजी प्लॅस्टिकचा पाइप चालतो आणि पाणी जायला निचरा लागतो.

हीट पंपाचाही हिशेब करा. एका गॅलनमध्ये सुमारे २६.८ युनिट उष्णता असते. ९० टक्क्यांच्या फर्नेसमधून हाती येतात २४. गॅलन ३ डॉलरला असेल तर उष्णतेचा एक युनिट साडेबारा सेंटला पडला. वीज २५ सेंट असेल आणि हीट पंप एका युनिटच्या बदल्यात अडीच युनिट उष्णता देत असेल, तर तोच युनिट १० सेंटला. कडक थंडीत त्याचं देणं दोन युनिटवर आलं की दोघे बरोबरीत. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि मार्च-एप्रिलमध्ये पंप, मधे प्रोपेन, ही जोडी पुष्कळ घरांना सोयीची पडते.

राहिला भाव. २०१३ च्या शरदात अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत मक्याचं पीक उशिरा आणि ओलं आलं. ते वाळवायला प्रचंड प्रोपेन लागला, साठे उतरले, आणि पाठोपाठ जानेवारी २०१४ ची भयंकर थंडी आली. मध्यपश्चिमेत भाव गॅलनला ४ डॉलरच्या वर गेला. ज्यांनी उन्हाळ्यात भाव बांधून घेतला होता, त्यांना त्याची झळ लागली नाही. तेव्हा करार उन्हाळ्यात करा आणि टाकी कोणाची हे विचारा. भाड्याची टाकी सहसा फक्त तिच्या मालक कंपनीलाच भरता येते, त्यामुळे भाव करायला जागा उरत नाही. टाकी ८० टक्क्यांपर्यंतच भरतात, कारण द्रवरूप प्रोपेन तापला की पाण्याच्या कित्येक पटींनी फुगतो. तेव्हा ५०० गॅलनच्या टाकीत ४०० गॅलनच येतील हे धरूनच मागणी नोंदवा.