मार्क जुळला म्हणजे टायमिंग बसलं असं नाही

टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन हलवणारा क्रँक आणि वॉल्व्ह उघडणारा कॅम यांना जोडणारा दात्यांचा पट्टा, बदलताना मेकॅनिक काय करतो ते बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं, क्रँकच्या पुलीवरची खूण जुळवायची, कॅमच्या पुलीवरची जुळवायची, बेल्ट चढवायचा, टेन्शनर आवळायचा, झालं काम. कंपनीतून जसं आलं तसंच्या तसं इंजिन असेल तर हे अगदी बरोबर आहे. पण हेड फेसिंग केलंय (सिलिंडरवरचं झाकण घासून सपाट केलंय), त्याखालचं गॅस्केट पातळ टाकलंय, कॅमशाफ्ट रेसिंगचा बसवलाय अशा इंजिनात त्या खुणांवर विसंबायचं म्हणजे मापं बदलून पट्टी जुनीच वापरण्यासारखं.

आधी कॅम नक्की काय करतो ते थोडक्यात. क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा कॅमचा एक फेरा होतो, आणि त्या एका फेऱ्यात प्रत्येक वॉल्व्ह एकदा उघडून बंद होतो. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पिस्टन खाली आला की इनटेक वॉल्व्ह (हवा आत घेणारा) लगेच बंद होतो, खऱ्या इंजिनात मात्र पिस्टन तळाला जाऊन परत वर यायला लागला तरी तो बराच वेळ उघडाच असतो. कारण वेळ फार कमी असतो, ६००० आरपीएमला क्रँकचा अर्धा फेरा म्हणजे फक्त ५ मिलिसेकंद, आणि हवेला वजन असतं, एकदा वेग घेतला की ती लगेच थांबत नाही. लोकलच्या दारात पुढचा माणूस थांबला तरी मागच्यांचा रेटा त्याला आत ढकलतोच, तसं पिस्टन वर यायला लागला तरी हवा थोडा वेळ सिलिंडरमध्ये भरतच राहते. रेसिंगचा कॅम याचाच फायदा घेतो, वॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवतो आणि उशिरा बंद करतो.

आता याचा तोटा. कमी आरपीएमला हवेला तो रेटाच नसतो, त्यामुळे वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण परत इनटेकमध्ये ढकलून देतो. दाबायला माल कमी राहतो, कॉम्प्रेशन (मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण) पडतं आणि सिग्नलवरून निघताना गाडीला पिकअप नाही. मग यावरचा उपाय म्हणून लोक हेड घासून कॉम्प्रेशन वाढवतात, आणि इथेच खरी गंमत आहे. हेड घासलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो, पण बेल्टचे दात तेवढेच, म्हणून बेल्टच्या ताणलेल्या बाजूला जेवढी लांबी जास्तीची झाली तेवढा कॅम मागे फिरतो, म्हणजे रिटार्ड होतो. म्हणजे वॉल्व्ह आणखी उशिरा बंद! ज्या आजारासाठी हेड घासलं तोच आजार थोडा परत आला.

किती मागे जातो याचा हिशोब सोपा आहे. समजा कॅमच्या पुलीला ४० दात आहेत आणि दोन दातांमधलं अंतर ८ मिमी, म्हणजे पुलीचा घेर ३२० मिमी. हेड १ मिमी घासलं तर कॅम साधारण १.१ डिग्री मागे, क्रँकच्या भाषेत सव्वादोन डिग्री. आणि बेल्टचा एक दात सरकवला तर क्रँकच्या हिशोबात तब्बल १८ डिग्री. म्हणून "एक दात पुढे टाकून बघू" हा प्रकार मला अजिबात पटत नाही. सव्वादोन डिग्रीची चूक काढायला १८ डिग्रीचं हत्यार, त्यात वॉल्व्ह पिस्टनला आपटला तर गेलाच कारभार. या कामाला बोल्ट सैल करून थोडी थोडी फिरवता येणारी व्हर्नियर पुलीच पाहिजे.

मोजायचं कसं? क्रँकला डिग्रीची चकती लावायची आणि पहिल्यांदा खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो तो बिंदू, शोधायचा. हा नजरेने सापडत नाही. मारुती एस्टीमच्या १२९८ सीसी इंजिनाचा स्ट्रोक ७५.५ मिमी आहे, त्यात टीडीसीच्या आसपास क्रँक एक डिग्री फिरवला तर पिस्टन मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाही हलत नाही. म्हणून प्लगच्या भोकातून एक स्टॉपर घालतात, पान्याने क्रँक हळूच एका बाजूने पिस्टन टेकेपर्यंत फिरवायचा, मग दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही आकड्यांचा मध्य तो टीडीसी. एकीकडे ३२ आणि दुसरीकडे २८ आलं तर चकती २ डिग्री चुकीची लागलीय.

कॅमच्या टोकाचंही तसंच. डायल गेज इनटेक वॉल्व्हवर लावून सगळ्यात जास्त लिफ्ट (वॉल्व्ह किती उघडला ते) बघायची, मग त्याच्या १ मिमी आधीचा आणि १ मिमी नंतरचा आकडा घ्यायचा. समजा टीडीसीनंतर ७६ आणि १४० डिग्री आले, मध्य १०८. कॅमसोबत आलेल्या कार्डावर १०६ लिहिलंय, म्हणजे आपला कॅम २ डिग्री मागे आहे, आणि खुणा तर एकदम जुळलेल्या दिसतायत! आता पुली पुढे घ्यायची, पण पुलीवरच्या रेघा कॅमच्या डिग्रीत आहेत की क्रँकच्या ते आधी बघा, नाहीतर दुप्पट सरकेल.

एस्टीमसारख्या एकाच कॅमशाफ्टच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) दोन्ही वॉल्व्हचं टायमिंग एकत्रच पुढेमागे होतं. सर्वसाधारणपणे अ‍ॅडव्हान्स केलं, म्हणजे कॅम पुढे घेतला, तर खालचा पिकअप सुधारतो, रिटार्ड केलं तर वरच्या आरपीएमला जोर. दोन कॅमशाफ्ट असतील तर दोन पुल्या, आणि मग दोन्ही वॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, सुद्धा कमीजास्त करता येतो. ओव्हरलॅप वाढला की आयडलिंगला गाडी धडधडते, काही जणांना तोच आवाज हवा असतो म्हणा. कंपन्यांनी हीच कटकट चालत्या इंजिनात सोडवली, अल्फा रोमिओने १९८० मध्ये आणि होंडाच्या व्हीटेकने १९८९ मध्ये, व्हीटेकमध्ये तर जास्त आरपीएमला कॅमचा वेगळाच लोब (वॉल्व्ह ढकलणारा उंचवटा) कामाला लागतो.

पुली हलवल्यावर स्टार्टर मारायची घाई करू नका. पिस्टनवर प्लॅस्टिसिन (मुलांची खेळायची मऊ माती) ठेवून पान्याने दोन पूर्ण फेरे द्यायचे आणि दबलेल्या जागेची जाडी मोजायची. साधारण नियम म्हणजे इनटेकला दीड मिमी आणि एक्झॉस्टला २ मिमी तरी जागा हवी. एक्झॉस्टला जास्त, कारण तो जास्त तापून लांबतो आणि वर येणारा पिस्टन त्याच्या मागे लागलेला असतो. इनटेक पुढे घेतला किंवा एक्झॉस्ट मागे नेला की ही जागा कमी होते.

आणि एक गोष्ट जी भलेभले विसरतात. बऱ्याच जुन्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणारा भाग) कॅमवरच चालतो, तिथे कॅम ४ डिग्री पुढे घेतला की स्पार्कही ४ डिग्री पुढे जातो. मग गाडी पळायला लागते आणि लोक कॅमला शाबासकी देतात, काम मात्र स्पार्कने केलेलं असतं, किंवा उलट चढावर इंजिन नॉकिंग (ठकठक) करतं आणि दोष नव्या कॅमला. त्यामुळे पुली प्रत्येक वेळी हलवली की टायमिंग लाइट लावून स्पार्क मूळ आकड्यावर परत आणायचा आणि मगच फरक बघायचा, डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बघता आला तर उत्तमच.