स्ट्रिंगची सुरक्षित हाताळणी (सी भाषा)

सी भाषेत मजकूर साठवताना, जोडताना किंवा छपाईसाठी साच्यात बसवताना तो नेमलेल्या जागेबाहेर सांडू नये आणि नकळत तुटूही नये, यासाठी पाळायची शिस्त. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, उपकरणांचे ड्रायव्हर, पावत्या छापणारी छोटी यंत्रे अशा ठिकाणी तिला पर्याय नाही.

सीमध्ये स्ट्रिंग म्हणजे ओळीने मांडलेल्या बाइट आणि शेवटी शून्य किमतीची एक बाइट. ती दिसली की मजकूर संपला. लांबी वेगळी कुठे नोंदलेली नसते. सगळ्या दुखण्याचे मूळ हेच. मजकूर नकलणारे ‘स्ट्रकॉपी’, जोडणारे ‘स्ट्रकॅट’ आणि साच्यात बसवणारे ‘एसप्रिंटएफ’ ही फंक्शने जागा किती आहे हे विचारतच नाहीत. जागा संपली तरी ती पुढे लिहीत राहतात, शेजारच्या चलांवर आणि स्टॅकवर (चालू फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) असल्यास फंक्शनच्या परतीच्या पत्त्यावरही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमने, दुसऱ्या संगणकावरील वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या ‘फिंगर’ सेवेतील ५१२ बाइटांचा बफर (मजकुरासाठी नेमलेली जागा) नेमका असाच ओलांडला होता. तिथे वापरलेले ‘गेट्स’ हे ओळ वाचणारे फंक्शन सीच्या मानकातून हटले ते २०११ मध्ये. इतका उशीर व्हायला नको होता.

‘स्ट्रएनकॉपी’ नावावरून सुरक्षित वाटते, पण ते मुळात जुन्या युनिक्समधील फाइलनावांच्या ठरावीक लांबीच्या रकान्यांसाठी होते. मजकूर जागेइतका किंवा त्याहून मोठा असेल तर ते शेवटचे शून्य लिहीतच नाही. ही उणीव भरून काढायला ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने १९९८ मध्ये ‘स्ट्रएलकॉपी’ आणले. लिनक्सच्या गाभ्यात आता ‘स्ट्रएसकॉपी’ वापरतात, मजकूर मावला नाही तर ते सरळ चूक कळवते.

छपाईसाठी १९९९ च्या मानकातले ‘एसएनप्रिंटएफ’ वापरावे. ते दिलेल्या मापाबाहेर लिहीत नाही आणि पूर्ण मजकुराला किती बाइट लागल्या असत्या तो आकडा परत करते. हा आकडा बफरच्या मापाइतका किंवा मोठा आला तर मजकूर कापला गेला आहे, आणि ऋण आला तर छपाईच फसली आहे. तो न तपासणे ही माझ्या मते आज सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. बाहेरून आलेला मजकूर थेट साचा म्हणून देणे मात्र त्याहून घातक: त्यात ‘टक्का-एन’ (%n) ही खूण असेल तर ‘प्रिंटएफ’ मेमरीत लिहू लागते. साचा नेहमी आपला हवा आणि परक्या मजकुराची जागा ‘टक्का-एस’ने (%s) दाखवलेली हवी.

देवनागरीत हा प्रश्न वेगळा रंग घेतो. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, मात्रा असो की अनुस्वार, ३ बाइट घेते. रोमन लिपीत इंदूरचे नाव ६ बाइटांत मावते. मराठी घरात ‘इंदूर’ लिहा की दुकानाच्या पाटीवरचे ‘इंदौर’, दोन्हीला १५ लागतात, वर शेवटचे शून्य. म्हणून रोमन नावांवर तपासलेला ८ बाइटांचा बफर इंदुरातच अपुरा पडतो.

‘अहिल्यादेवी होळकर’ हे नाव घ्या. या शहरात ते पाट्यांवर, पावत्यांवर, पत्त्यांत कुठेही येऊ शकते. त्याला ४९ बाइट लागतात. ३२ बाइटांच्या बफरमध्ये ‘एसएनप्रिंटएफ’ ३१ बाइट लिहिते: ‘अहिल्यादेव’ एवढ्याच्या ३० आणि पुढच्या वेलांटीची पहिली एक. मेमरीला धक्का लागत नाही, प्रोग्रॅम कोसळत नाही. कागदावर मात्र देवीची ‘देव’ होते आणि शेजारी एक चौकोन उमटतो. बफर वाचला म्हणून याला सुरक्षित म्हणता येणार नाही, नाव चुकले आहे.

तुटक्या टोकापासून मागे सरकत, अर्धवट चिन्हाच्या बाइट टाकून दिल्या तर चौकोन जातो, वेलांटी परत येत नाही. हाच छेद ‘ल्’नंतर पडला तर जोडाक्षर फुटून उघडा हलन्त उरतो. देवनागरी जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम यूनिकोड या लिपिचिन्हांच्या जागतिक मानकाच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. कापणे टाळता येत नसेल तर त्या नियमाने, अखंड अक्षरांच्या सीमेवर कापावे. टाळता येत असेल तर ‘एसएनप्रिंटएफ’ला बफरऐवजी नल (रिकामा पत्ता) आणि माप शून्य देऊन आधी लांबी विचारावी, त्यात शेवटच्या शून्यासाठी १ मिळवून तेवढी जागा मागावी आणि मग लिहावे.