हॅप शाल

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर लोकरीच्या धाग्याने सुयांवर विणली जाणारी, रोजच्या वापरातील चौकोनी शाल. ‘हॅप’ या शब्दाचा तेथील बोलीत पांघरणे, लपेटणे असा अर्थ होतो. शाल तिरकी दुमडून खांद्यावरून घेत. तान्ह्या मुलांनाही तीतच गुंडाळत. त्रिकोणी प्रकाराला ‘अर्धी हॅप’ म्हणतात.

शालीचे तीन भाग असतात : मधला चौकोन, त्याभोवती लाटांची रुंद पट्टी आणि सर्वांत बाहेर दातेरी काठ. मधला चौकोन दोन्ही बाजूंनी सुलट टाक्यांनीच विणतात. अशा विणीत दोन ओळींची एक वळी तयार होते आणि वळीची उंची एका टाक्याच्या रुंदीइतकीच भरते. त्यामुळे टाके आणि वळ्या समान ठेवल्या की चौकोन आपोआप साधतो. कोपऱ्यापासून सुरुवात केल्यास प्रत्येक ओळीच्या आरंभी धागा सुईवर घेऊन एक टाका वाढवायचा आणि बाजू हवी तेवढी झाली की तसेच घटवत जायचे. मापाची आकडेमोड आधी करावी लागत नाही. बाळाची शाल आणि प्रौढ स्त्रीची शाल एकाच कृतीने होते. हॅपचे खरे वैशिष्ट्य हेच मानले पाहिजे.

लाटांच्या नमुन्याला ‘ओल्ड शेल’ म्हणतात. तो १८ टाक्यांचा व चार ओळींचा असून जाळीची ओळ एकच : दोन टाके एकत्र असे तीनदा, धागा पुढे घेऊन एक सुलट असे सहा वेळा, पुन्हा दोन एकत्र तीनदा. सहा टाके घटतात, सहा वाढतात, संख्या कायम राहते. नाव शिंपल्याच्या इंग्रजी नावाच्या बोलीतील उच्चारावरून आले, हे मत अधिक पटणारे आहे. वाळूवर लाटांनी उमटणाऱ्या वळ्यांशीही त्याचा संबंध जोडला जातो. पट्टीत गडदापासून फिकटाकडे जाणाऱ्या छटा घालण्याची रीत आहे. त्या बहुधा मेंढ्यांच्या नैसर्गिक लोकरीच्याच : ‘मूरिट’ (तपकिरी), ‘शेला’ (गडद करडा) इत्यादी. मराठी ‘शेला’शी याचे केवळ ध्वनिसाम्य आहे. ‘शाल’ हा शब्द मात्र मूळ फार्सी असून भारतातूनच इंग्रजीत गेला.

शेटलंडच्या जाळीदार विणकामाच्या उगमाविषयी एकमत नाही. १५८८ मध्ये शेटलंडमधील फेअर आयल या बेटाजवळ फुटलेल्या ‘एल ग्रान ग्रिफोन’ या स्पॅनिश जहाजातील खलाशांनी विणकामाचे नमुने शिकवले, ही आख्यायिका तेथील रंगीत नमुन्यांबाबत सांगितली जाते. तिला पुरावा नाही. जाळीकाम १८३० ते १८४० च्या सुमारास, बाहेरील व्यापाऱ्यांच्या मागणीमुळे व युरोपीय लेसच्या अनुकरणातून वाढीस लागले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. पी अँड ओ या जहाज कंपनीचे एक संस्थापक, शेटलंडचे आर्थर अँडरसन यांनी १८३७ मध्ये व्हिक्टोरिया राणीला तेथील विणलेले मोजे भेट दिले. त्यानंतर मागणी वाढली. मात्र कौतुक झाले ते अंगठीतून पार होणाऱ्या तलम शालींचे. जाड धाग्याची हॅप घरात वापरून झिजत असे, म्हणून तिचे जुने नमुने तुलनेने कमीच उरले असावेत.

विणण्याच्या दिशेबाबतही दोन परंपरा आढळतात. काठापासून आत येणारी जुनी समजली जाते : आधी लांब दातेरी काठ, त्याच्या कडेचे टाके उचलून पट्ट्या आणि शेवटी मधला चौकोन. मधून बाहेर जाणारी पद्धत सोपी असल्याने आज अधिक प्रचलित आहे. तीत वळीमागे एक टाका उचलून लाटा विणतात आणि काठ शेवटी आडवा जोडत नेतात.

विणून झालेली शाल धुऊन ओलीच लाकडी चौकटीवर ताणतात व काठाचे दाते दोरीने ओवून घेतात. जाळी यामुळेच उघडते. चौकटीवर चढण्यापूर्वी तीच शाल आक्रसलेली आणि ओबडधोबड दिसते.

विणणाऱ्या स्त्रियांना मोबदला पुष्कळदा पैशांऐवजी चहा, कापड अशा मालाच्या रूपात मिळे. या प्रथेची सरकारी चौकशी होऊन १८७२ मध्ये अहवाल निघाला. त्यात विणकरणींच्या स्वतःच्या साक्षी आहेत.